रॉकेल प्यायल्यावर उलटी काढू नका

पाणी समजून पोरानं रॉकेल प्यायलं की घरात पहिली धांदल उडते ती उलटी काढायची. घशात बोटं घाल, मिठाचं पाणी पाज. नेमकं हेच करायचं नसतं. रॉकेल पोटातून फारसं शोषलं जात नाही. घात होतो तो फुप्फुसात. रॉकेलचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे श्वासनलिकेत गेलेलं थोडंसं रॉकेलही झरझर पसरतं आणि वायुकोश मिटू न देणारा पातळ थर खराब करतं. गिळताना ठसका लागून एकदा आत गेलेलं असू शकतं, उलटीत दुसऱ्यांदा जातं. नळी घालून पोट धुणंही म्हणूनच टाळतात.

भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा, मूल बसतं ठेवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा. खोकला, धाप, कण्हणं, बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जाणं ही रॉकेल फुप्फुसात गेल्याची खूण. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून काही त्रास नसला तरी निदान 6 तास नजरेखाली ठेवतात.

टर्पेंटाइनची गोष्ट वेगळी. चीड (पाइन) झाडाच्या डिंकापासून ऊर्ध्वपातनानं काढलेलं हे तेल आतड्यातून शोषलं जातं. गुंगी, झटके, लघवीत रक्त. लघवीला चक्क व्हायोलेट फुलांसारखा वास येतो. लहान मुलाला 15 मिलिलिटर जीवघेणं ठरू शकतं. तरी साखरेवर टाकून ते जंतांसाठी घेतात, आणि शौचात पांढरट दोरे दिसले की खूश होतात. ते बहुधा पोळलेल्या आतड्याची बुळबुळ असते. जंतांना 2 वर्षांपुढे अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम एकदा दिलं की बहुतेक वेळा भागतं.

उवांसाठी रॉकेल लावून वर फडकं बांधणं तर दुहेरी वेडेपणा. झाकलेल्या कातडीवर ते तासन् तास राहतं, फोड येतात; आणि रॉकेलनं माखलेले केस म्हणजे पेटायला टेकलेली वात. ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतून बारीक फणी दर 3-4 दिवसांनी फिरवायची, दोन आठवडे. फणी प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर पुसा, म्हणजे काय निघतंय ते कळतं. परमेथ्रिन 1 टक्का लावलं तर 10 मिनिटांनी धुवायचं, आणि लिखांतून नंतर निघालेल्या उवांसाठी साधारण 9 दिवसांनी पुन्हा.

दुखऱ्या सांध्यावर टर्पेंटाइन चोळल्यावर बरं वाटतं ते कातडी चुरचुरून रक्त वर आल्यामुळे. आतलं दुखणं तिथंच असतं.

औषध म्हणून खरा उपयोग एकच ठाऊक आहे: जखमेत अळ्या पडल्या की डॉक्टर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली पट्टी थोडा वेळ ठेवतात. गुदमरलेल्या अळ्या जखमेच्या तोंडाशी येतात, त्या चिमट्यानं एकेक काढून जखम सलाईननं धुतात. हे घरी करू नये, कारण जिवंत मांसही त्यात पोळतं आणि तुटून आत राहिलेली अळी तिथंच कुजते.