हिरवे राऊंड

जानेवारी २०२०. आम्हा पोलिसांच्या वार्षिक फायरिंगचा दिवस. सकाळी सातला बटावर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर पोचलो तर गवतावर दव होतं. निम्मी मंडळी चहाच्या किटलीभोवती उभी, निम्मी पिस्तुलांवर वाद घालत बसलेली. हा वाद दरवर्षी होतो. तालमीच्या कट्ट्यावर वस्तादांवरून होतो ना, अगदी तसाच.

मी तेव्हा एका साहेबांचा अंगरक्षक होतो. कमरेला नाइन एमएम ऑटो पिस्तूल, वन-ए. डिझाइन मूळचं बेल्जियमचं, १९३५ सालच्या ब्राउनिंग हाय-पॉवरचं. आपल्याकडं ते बंगालात, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलं. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या खोक्यात, १३ राऊंड, म्हणजे गोळ्या. सगळं पोलाद. दिवसभर वागवलं की संध्याकाळी उजवं कंबरडं बोलायला लागतं. त्याची एक खोड मला फार आवडते. मॅगझिन काढलं की चाप दाबूनही ते उडत नाही. साफ करताना चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात एखादा राऊंड विसरला, तर तेवढाच आधार. अर्थात त्या भरवशावर बसायचं नसतं.

आमच्यातल्या एका धाकट्याकडं ग्लॉक होतं. ऑस्ट्रियाचं, फ्रेम प्लॅस्टिकची, १७ राऊंड, रिकामं ६२५ ग्रॅम. बाहेरून सेफ्टीचा खटका नाही, जे काय आहे ते चापातच. जुन्या माणसांना तेच बघवत नाही.

"दादा, तुमचं म्हंजे राजदूत हाय," तो मला म्हणाला. "किक मारत बसा."

"आणि तुझं डबा हाय, टिफिनचा," मी म्हटलं.

निवृत्तीला आलेले एक हवालदार रिव्हॉल्वरवाले. त्यांचं म्हणणं वीस वर्षं बदललेलं नाही. "गोळी न्हाई उडाली तर चाप परत वडायचा. दुसरी फिरून येती. त्यात अडकायला हायच काय?" त्यांचं काही खोटं नाही. पण सहा राऊंडनंतर काय, हे विचारलं की ते चहा मागवतात.

मला या वादात कायम एक गंमत वाटत आली आहे. 'माझं पिस्तूल, माझं पिस्तूल' म्हणतो सगळे, पण मालक एकही नाही. सरकारचं हत्यार, आपल्या नावावर फक्त बट नंबर, हत्यारावरचा ओळखीचा आकडा. किंमत विचारली तर मला आकडा सांगता येणार नाही. हरवलं तर काय होतं ते मात्र सांगता येईल: निलंबन, चौकशी, आणि घरच्यांना तोंड दाखवायची चोरी.

खरे मालक म्हणजे आमचे साहेब. त्यांच्याकडं परवान्याचं .३२ पिस्तूल, विलायती. परदेशी हत्यारांची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, तेव्हापासून अशा जुन्या पिस्तुलांना सोन्यासारखा भाव आला. नाइन एमएम तर खासगी माणसाला मिळतच नाही. साहेबांनी आपलं ते विलायती लाखांत घेतलं. कपाटात मखमलीत गुंडाळून ठेवलेलं. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायला तेवढं बाहेर निघायचं, निकालानंतर पावती दाखवून परत कपाटात. "एक नंबर चीज आहे," ते म्हणायचे. माझ्या माहितीत त्यातून एकही गोळी सुटलेली नाही. मग एक नंबर कशावरून, हे विचारायची माझी पायरी नव्हती.

असो. माझी पाळी आली.

आमच्या बटावरची पद्धत अशी की कमरेचे जुने राऊंड आधी उडवायचे आणि जाताना ताजे घ्यायचे. मॅगझिन लावलं, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग ओढली, निशाण धरलं. पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला चाप दाबला तर काहीच नाही. बघतो तर स्लाइड पूर्ण पुढं आलेलीच नव्हती, करंगळीच्या नखाएवढी मागं राहिलेली. तळहातानं मागून एक ठोसा दिला. मग आणखी एक. आता ती ना पुढं जाईना, ना मागं येईना.

नळी निशाणाकडं ठेवून डावा हात वर केला. मागून कुणीतरी हसलं. "वन-ए हाय ते. जुनं झालं. त्याला म्युझियममध्ये ठेवा." धाकटा काही बोलला नाही, पण त्यानं आपल्या होल्स्टरवर थोपटलेलं मला दिसलं.

आमचे आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, आप्पा आले. बारीक अंगकाठी, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी पिस्तूल त्याच दिशेला धरून हातात घेतलं, मॅगझिन काढलं आणि दात आवळून स्लाइड खेचली. दोनदा नाही आली. तिसऱ्यांदा खाड्कन आली आणि राऊंड गवतात पडला.

"बडवलंस कशाला? घाण असताना बडवलं की पाचर बसती," ते म्हणाले. वाकून त्यांनी राऊंड उचलला, तळहातावर घेतला आणि माझ्यापुढं धरला.

पितळेची केस, तोंडापाशी हिरवी. नुसती काळवंडलेली नव्हे. पितळेच्या भांड्यात दही कळकतं तेव्हा कडेला जसा थर धरतो, तसा चांगला खरखरीत हिरवा थर. नखानं खरवडला तर भुकटी निघाली.

"हे कुठं ठेवत होतास?"

मी खिशातून चंची काढली.

ही चंची माझी हौस. चप्पल बनवणाऱ्या एका कारागिराकडून मुद्दाम शिवून घेतली होती, आपल्या कोल्हापुरी चपलेच्या कातड्याची. त्याचं कारण म्हणजे माझी अक्कल. मॅगझिन कायम भरलेलं ठेवलं की स्प्रिंग दमते, असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणून दोनपैकी एक मॅगझिन भरलेलं ठेवायचो, दुसरं रिकामं, आणि रिकाम्याचे १३ राऊंड चंचीत. महिन्याच्या एक तारखेला अदलाबदल. राऊंड काळपट व्हायला लागलेत हे दिसत होतं. पितळ आहे, काळं पडायचंच, म्हणून अंगठ्यानं पुसून भरत होतो.

आप्पांनी चंची नाकाला लावली. "बाभळीची साल आणि हिरडा," ते म्हणाले. "ह्यानं कातडं कमावत्यात. त्यातला तुरटपणा पितळंला खातो. कोरडं असतं तर हळूहळू खाल्लं असतं. भिजली व्हती का कधी?"

भिजली होती. ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली होती, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. साहेब बोटीतून चिखली-आंबेवाडीकडं निघालेले आणि मी बोट ढकलायला कमरेएवढ्या पाण्यात. रात्री घरी आल्यावर पिस्तूल उघडलं, पुसलं, तेल लावलं. चंची खुंटीला टांगली. कातडं आहे, वाळेल म्हटलं.

"आणि स्प्रिंगचं तुला कुणी सांगितलं?" आप्पा म्हणाले. "दाबून ठेवल्यानं ती एवढी दमत न्हाई. रोजच्या दाब-सोडीनं दमती."

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. माझं पिस्तूल खोलून नळी बाहेर काढली. धाकट्याला म्हणाले, "तुझा टिफिन आण." त्याचीही नळी काढली. दोन्ही नळ्या टेबलावर उभ्या धरल्या, चेंबर वर करून. आधी ताजा राऊंड माझ्या नळीत सोडला. टक्. आत बसला, नळी उलटी केली तर आपसूक बाहेर. धाकट्याच्या नळीतही तसाच. मग चंचीतला हिरवा राऊंड माझ्या नळीत. आवाज नाही. अर्ध्यावर जाऊन तिरपा उभा. तोच काढून ग्लॉकच्या नळीत सोडला. तिथंही तसाच, तिरपा.

"बोला आता. राजदूत का टिफिन?"

कुणी बोललं नाही. रिव्हॉल्वरवाले तेवढे पुटपुटले, "माझ्यात पण न्हाई बसायचा."

आप्पांनी माझं पिस्तूल जोडलं, नळी पुसली आणि स्वतः ताजे २० राऊंड मारले, एका दमात, मधे फक्त मॅगझिन बदलायला थांबून. एकही अडकला नाही. रिकाम्या पुंगळ्या मोजायला आम्ही गवतात रांगलो. एक कमी भरत होती, ती शेवटी माझ्याच बुटाच्या खाचेत सापडली.

हिरवे राऊंड मोजून जमा केले, मला ताजे २६ मिळाले आणि लेखी खुलासा द्यावा लागला. तो कसा लिहिला ते सांगत नाही.

परतीच्या गाडीत धाकटा शेजारी बसला होता. तो काहीतरी बोलत होता, माझं लक्ष नव्हतं. मला ऑक्टोबरमधली, विधानसभेच्या प्रचारातली एक रात्र आठवत होती. सभा संपलेली, लाइट गेलेली, गाडीभोवती दोन-अडीचशे माणसं, दगड यायला लागलेले. मी साहेबांना मानगूट दाबून सीटखाली बसवलं होतं आणि उजवा हात पिस्तुलावर होता. काढायची वेळ आली नाही. ड्रायव्हरनं गाडी उसाच्या फडातून काढली. पण त्या रात्री आत कोणते १३ होते, चंचीतून आलेले की दुसरे, हे मी खूप आठवून पाहिलं. अजून आठवत नाही.

चंची आता वडिलांकडं आहे, पानाला. चुन्याची डबी पितळेची आहे, महिन्याभरात हिरवी पडते. आई चिंच लावून घासते आणि कुरकुरते की डबीच खोटी निघाली.