‘कसं वाटतं’ विचारून काय होतं?

लग्नात, सराफ्यात, परवा तर उकडीचे मोदक वळतानासुद्धा तेच: ‘अगं, कॅन्सर होऊच नये म्हणून काही करा की! झालेल्यांना कसं वाटतं विचारून काय होतं?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहिते.

प्रतिबंध आधी, हे मला नका शिकवू. आपल्या मध्य प्रदेशात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी टपरीवर पानमसाला एका पुडीत मिळतो, तंबाखू दुसरीत; एकत्र केलं की झाला गुटखा. तिरुवनंतपुरमला कार्यकर्त्यांनी घरोघरी नुसती तोंडं तपासली, तर तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. हे 2005 मध्येच छापून आलंय. ते गल्लोगल्ली का पोचत नाही, हे पैसा वाटणाऱ्यांना विचारा.

माझं काम तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पेशंटकडून प्रश्नावली भरून घेण्याचं. गेल्या आठवड्यात काय त्रास झाला? 1 म्हणजे अजिबात नाही, 4 म्हणजे खूपच.

एक काका होते. जबड्याचा तुकडा काढलेला, वर रेडिएशन. तोंडात दोन बोटंही जाईनात. ‘घरच्यांसमोर जेवताना त्रास झाला का?’ त्यांनी 1 वर खूण केली. इतर लोकांसमोर? पुन्हा 1. मागून काकू म्हणाल्या, ‘अहो, खरं सांगा ना.’ काका गप्प. मग त्याच बोलू लागल्या. हे मऊ खिचडीची वाटी घेऊन गच्चीवर जातात, दाराला कडी लावतात. नातू एकदा ‘आजोबा, सांडतंय’ म्हणाला, तेव्हापासून. सकाळचे पोहे काकूंनी घरात करायचेच सोडले होते. ‘कुणासमोर जेवतातच कुठे, त्रास व्हायला?’

काका कसेबसे बोलले, ‘मग खोटं काय लिहिलं मी?’

खोटं नव्हतंच. उत्तर पेशंटचंच धरायचं, असा नियम आहे. 1 तसाच राहिला. काकूंचं वाक्य मी समासात लिहिलं, पण हिशेबात समास येत नाही. आणि तक्त्यात काका अगदी मजेत.

कॉलेजात मीच भांडायचे, सगळा पैसा प्रतिबंधाला द्या म्हणून. ती मुलगी आज म्हणेल, काकांची पुडी वेळेवर सुटली असती तर ही गच्ची आलीच नसती. काय चुकलं तिचं? पण काका आता आहेत, आणि रोज दोनदा जेवतात.

हल्ली मी आधी तोंडी विचारते, ‘आठवड्यात कुणाबरोबर जेवलात?’ वरिष्ठांना ते पटत नाही. छापील प्रश्नाआधी आपला प्रश्न घुसवला की उत्तरं कलतात, इतर ठिकाणच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. खरंय त्यांचं. तरी मी विचारते.