एमजीबी बघायला गेलो, युनोस घेऊन आलो

इंग्लंडमध्ये नऊ वर्षं काढल्यावर टप उघडणारी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं एकदाचं ठरवलं. जीव अडकला होता लोटस एलानमध्ये: साठच्या दशकातली, फायबरची बॉडी, वजन जेमतेम सातशे किलो. किंमत ऐकली आणि तो विषय तिथेच मिटला. उरल्या दोन: 1972 ची एमजीबी आणि 1990 ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानमध्ये विकलेली माझ्दा एमएक्स-5.

माझे मामा नाशिकला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवायचे. जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक हवंच, ही त्यांची शिकवण. एमजीबीचा लाल रंग आरशासारखा, क्रोमचे बंपर लखलखीत. (1974 च्या अखेरीपासून रबरी बंपर आले आणि गाडी दीडेक इंच उंच झाली, वळणावर ती झुकते. संग्रहाला क्रोमवालीच घ्यावी.) रुमालात गुंडाळलेलं चुंबक दाराखालच्या पत्र्यावरून फिरवलं. पुढे चिकटलं, मधे चिकटलं, मागच्या चाकाजवळ निसटून खाली पडलं. तिथे पत्राच नव्हता, नुसती पुट्टी! एमजीबीला वेगळी चासी नसते, हा पत्राच तिचा कणा. शिवाय 2018 पासून चाळिशी ओलांडलेल्या गाड्यांना एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे ना, याची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, त्यामुळे अलीकडच्या वर्षांची काहीच नोंद नव्हती.

चालवायला मात्र ती गोड. 1.8 लिटरचं इंजिन कमी आरपीएमलाच जोर धरतं. पण खड्डा आला की पाट्यांच्या स्प्रिंगवर (लीफ स्प्रिंग) बसवलेला मागचा अॅक्सल उसळतो.

युनोसचं इंजिन 1.6 लिटरचं, 120 अश्वशक्तीचं. गाडीचं वजन साधारण 940 किलो. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं. गिअर नुसत्या मनगटाने पडतो. माझ्दाचे लोक 'जिनबा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. तिसऱ्या वळणावर मला ते पटलं.

राहिला संग्रहाचा प्रश्न. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, नवी बॉडीशेलसुद्धा मिळते. ती जगवता येते, पण दुर्मीळ म्हणता येत नाही. युनोसही काही कमी नाहीत, पण कितीतरी मालकांनी सस्पेन्शन, सायलेन्सर, स्टिअरिंग बदलून टाकलंय. ही जशीच्या तशी होती, जपानी सर्व्हिस बुकासकट. म्हणून घेतली.

गंज हिलाही सोडत नाही. टपामागची पाणी जायची भोकं तुंबली की पाणी दाराखालच्या पत्र्यात मुरतं. आणल्या दिवशीच ती बारीक नळीने साफ केली, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि गुडघ्यावर बसून पाहिलं: दोन्ही बाजूंनी, मागच्या चाकांपाशी, स्वच्छ धार पडली.