आधी गाडीचं माप, मग नकाशा: मोटारहोमच्या पहिल्या सहलीच्या तयारीची रोजनिशी

५ जानेवारी

युरोपला निघालेत चौघं: दादा, वहिनी आणि वहिनींचे आई-बाबा. म्युनिकला मोटारहोम, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायची, ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियात उतरायचं, तिथून इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांकडे वळून ब्रेनर घाटाने परत म्युनिक. पंधरा दिवसांचा बेत. घरात सगळ्यांनी नकाशा पसरलाय आणि जो तो आपलं ठिकाण घुसवतोय. मला हे उलटं वाटतं. कोणता घाट चढेल, कोणत्या पुलाखालून जाता येईल, टोल किती, लायसन्स कोणतं चालेल, हे सगळं गाडीची लांबी, उंची आणि वजन ठरवतं. नकाशा गुंडाळून ठेवा, आधी गाडी ठरू दे.

चार मोठी माणसं म्हणजे साधारण सात मीटरची गाडी आली. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली गाडी फोटोत छान दिसते, पण आई-बाबा रात्री उठून शिडी उतरणार नाहीत. मागे खाली दोन स्वतंत्र पलंग आणि पुढे छतातून खाली येणारा पलंग, ही रचना बरी. वरचा पलंग दादा-वहिनींचा. झोपायच्या जागा आणि बेल्टच्या जागा मात्र वेगवेगळ्या मोजायच्या. चार पलंगांच्या गाडीत चार बेल्ट असतीलच असं नाही.

आणि ऑटोमॅटिकच घ्यायची. स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी, गाडी सात मीटर; त्यात उजव्या हाताने गिअर शोधणं ही चौथी कटकट नको.

११ जानेवारी

आज फक्त वजन. आपल्याकडे सामान मावलं की झालं. तिकडे गाडीचं एकूण वजन ३,५०० किलोच्या वर गेलं तर पोलिस काट्यावर घेतात, दंड लावतात आणि जास्तीचं सामान तिथेच उतरवायला लावतात. भाड्याच्या बहुतेक गाड्या याच मर्यादेतल्या, कारण बी वर्गाचं, म्हणजे साध्या कारचं, लायसन्स तिथपर्यंतच चालतं.

कागदावर गाडीचं 'चालू स्थितीतलं वजन' २,९५० किलो असेल, तर वरवर पाहता ५५० किलो हाताशी आहेत. त्या २,९५० मध्ये ७५ किलोचा ड्रायव्हर धरलेला असतो, पण पाणी पुष्कळदा फक्त २० लिटर. आता बेरीज करू. उरलेली तीन माणसं २२५. चार बॅगा ८०. गाद्या-पांघरुणं, भांडी, टेबल-खुर्च्या ६०. बाहेरचं छत, म्हणजे ऑनिंग, ३५. शंभर लिटरची टाकी पूर्ण भरली तर वरचे ८०. दुसरा गॅस सिलिंडर भरलेला २४ च्या आसपास. किराणा ४०. झाले ५४४. सायकली गेल्या यादीतून.

त्यातून कारखान्याला या वजनात ५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. २,९५० चे ५ टक्के म्हणजे जवळजवळ दीडशे किलो. तेव्हा भाड्याने देणाऱ्याला 'कागदावरचं नको, काट्यावरचं वजन सांगा' असं विचारायचं. उपाय सोपा आहे: पाणी भरून मैलोन्‌मैल फिरायचं नाही. वाटेत ३० लिटर पुरतं, बाकीचं मुक्कामाला भरायचं. सिलिंडरही उन्हाळ्यात एकच पुरेल.

२० जानेवारी

कागदपत्रं. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओत मिळतो. 'सारथी' पोर्टलवर अर्ज करायचा, फी १,००० रुपये. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, त्यामुळे आत्ताच काढून ठेवण्यात अर्थ नाही. हातात आल्यावर बी वर्गाच्या रकान्यात शिक्का आहे ना ते तिथेच बघायचं. मूळ लायसन्स सोबत हवंच. नुसत्या परवान्यावर गाडी मिळत नाही. दादा आणि वहिनी दोघांचंही काढायचं. एकच ड्रायव्हर असेल तर एका तापाने सगळी सहल अडते.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. मोठ्यांची फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. मोटारहोमवाल्यांची गाडी अडते ती 'राहणार कुठे' या रकान्यात. गाडीचा करार एकटा पुरेलच असं नाही. कॅम्पिंगच्या जागांची बुकिंग जोडावीत. आणि रात्री मोजायच्या. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. कच्च्या आराखड्यात ऑस्ट्रिया चार, स्लोव्हेनिया चार अशी बरोबरी झाली होती. असा घोळ नकोच. बरोबरीत मुख्य देश ठरत नसेल, तर ज्या देशातून शेंगेनमध्ये शिरणार त्याच्याकडे जावं लागतं, म्हणजे इथे जर्मनी. ऑस्ट्रियात एक रात्र वाढवली, प्रश्न मिटला.

करारातलं बारीक अक्षर वहिनी वाचणार आहेत, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. बघायचं ते एवढंच: डिपॉझिट क्रेडिट कार्डावरच घेतात का (बहुधा हो, डेबिट चालत नाही), कोणत्या देशांत गाडी न्यायला मनाई आहे, आणि छताचं नुकसान विम्यात आहे का. तीन मीटर उंचीच्या गाडीचं छतच आधी घासतं, आणि नेमकं तेच पुष्कळदा विम्यातून वगळलेलं असतं.

२ फेब्रुवारी

महिना ठरला. गणपती उरकून निघू, असा बाबांचा आग्रह होता. पण सप्टेंबरच्या उत्तरार्धात म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट लागतो. गाड्या आणि कॅम्पिंग दोन्ही महाग, आणि मिळतील तर नशीब. जुलै-ऑगस्ट म्हणजे शाळांच्या सुट्ट्या. दर शनिवारी दक्षिणेकडे जाणारा ऑस्ट्रियातला टाउअर्न महामार्ग तुंबतो. साधारण मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवडे सुट्टी असते. उरतो जूनचा मध्य, तेव्हा उजेडही रात्री नऊपर्यंत. बाबा नाराज आहेत, पण मोदक तर घरीच व्हायचे.

विमान पोचेल त्याच दिवशी गाडी ताब्यात घ्यायची नाही, हा माझा हट्ट. रात्रीच्या जागरणानंतर परक्या बाजूने अशी गाडी चालवणं हे धाडस नाही, गाढवपणा आहे. पहिली रात्र हॉटेलात.

१५ फेब्रुवारी

आता नकाशा उघडला. दिवसाला १५० ते २०० किलोमीटर, त्याहून जास्त नाही. म्युनिक ते साल्झबुर्ग १४५, साल्झबुर्ग ते फिलाख १९० च्या आसपास, आणि पुढे स्लोव्हेनियातलं ब्लेड गाव साठेक किलोमीटर.

टोलचं गणित देशागणिक बदलतं. जर्मनीत ३.५ टनांपर्यंत टोल नाही. ऑस्ट्रियात मुदतीचा पास, त्याला विनियेट म्हणतात. २०२५ च्या दराने दहा दिवसांचा १२.४० युरो, एका दिवसाचा ९.३०, दोन महिन्यांचा ३१.१०. जाताना दहा दिवसांचा आणि परतीला एका दिवसाचा, हे सर्वांत स्वस्त पडतं. डिजिटल पास गाडीच्या नंबरावर निघतो, आणि भाड्याच्या गाडीचा नंबर पुष्कळदा ताब्यात घेतानाच कळतो. म्हणून घरून घ्यायची घाई नको. सीमेआधीच्या पंपावर घ्यायचा. पास असला तरी टाउअर्न, स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा कारावांकेन बोगदा आणि ब्रेनर यांचे पैसे वेगळेच. स्लोव्हेनियात २०२२ पासून फक्त ई-विन्येता, म्हणजे डिजिटल पास. २०२५ च्या दराने आठवड्याचा २ए वर्गाचा १६ युरो. पुढच्या चाकावरची उंची जास्त असली तर गाडी २बी मध्ये जाते आणि पैसे दुप्पट, पण कागदोपत्री मोटारहोम म्हणून नोंदलेली गाडी उंचीला न जुमानता २ए मध्येच बसते. पंपावरचा माणूस गाडी बघून २बी म्हणाला तर नोंदणीचा कागद पुढे करायचा.

घाटांपैकी स्लोव्हेनियातला व्र्शिच वगळला. १,६११ मीटर, ५० वळणं, आणि क्रान्स्का गोराच्या बाजूची वळणं दगडी फरसबंदीची. फोटो सुंदर येतात, सात मीटरची गाडी वळवताना आई डोळे मिटून घेतील. बोवेच गाव गाठून प्रेडेल घाटाने, म्हणजे १,१५६ मीटरवरून, इटलीत तार्विझिओला उतरायचं. परतीला दोब्बियाकोहून पुस्तेरिया खोऱ्यातून ब्रेनर. तिथल्या लुएग पुलाच्या कामामुळे १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक वेळ प्रत्येक दिशेला एकच लेन चालू असते, म्हणून तो टप्पा आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी लवकर.

उतारावर ब्रेक दाबून बसायचं नाही. ऑटोमॅटिकलाही हाताने गिअर पाडता येतो. ज्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, त्यात उतरायचं. जळका वास आला म्हणजे ब्रेक तापले. मग थांबून थंड होऊ द्यायचे, पाणी ओतायचं नाही.

जर्मनीत रस्त्याचं काम चालू असलं की डाव्या लेनवर रुंदीची पाटी असते, २.१ किंवा २.२ मीटर. ती आरशांसकट मोजतात. आपली गाडी आरशांसकट २.७ च्या घरात, म्हणजे उजवी लेन सोडायची नाही. आणि मागच्या चाकामागे दीड-दोन मीटर शेपूट असतं. पंपावरून निघताना उजवीकडे जोरात वळवलं की ते शेपूट डावीकडे झेपावतं आणि खांबाला लागतं. आधी सरळ पुढे यायचं, मग वळवायचं. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून काचेपाशी चिकटवायची.

मुक्कामाबद्दल एक गोष्ट पक्की: स्लोव्हेनियात रस्त्याकडेला रात्र काढायला बंदी आहे. जर्मनीत थकवा उतरवण्यापुरती एक रात्र चालते, पण खुर्च्या मांडल्या की ते कॅम्पिंग झालं. पुष्कळ कॅम्पिंगचं फाटक दुपारी एक ते तीन आणि रात्री दहानंतर बंद असतं. साडेचारपर्यंत पोचायचं.

१ मार्च

गॅस, वीज, पाणी, संडास. पहिल्या सहलीत वैताग येतो तो इथेच.

वीज: निळा तीन पिनांचा प्लग, २५ मीटर केबल. रिळावर गुंडाळलेली केबल तशीच वापरली तर तापते, वितळूही शकते, पूर्ण उलगडायची. जागेवर किती अँपिअर ते विचारायचं. ६ अँपिअर गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट. आपली २,००० वॅटची किटली लावली की फ्यूज उडाला. मिक्सर ७५० चा, तो चालेल.

गॅस: जर्मनीतला ११ किलोचा सिलिंडर दुसऱ्या देशात बदलून मिळेलच असं नाही, जोडणीही वेगळी असते. उन्हाळ्यात नुसत्या स्वयंपाकाला तो पंधरा दिवस पुरतो. प्रोपेनच मागायचा, ब्युटेन शून्य अंशाजवळ गॅस व्हायचाच थांबतो.

पाणी: भरायचा पाइप स्वतःचा. संडासाची पेटी धुवायच्या नळाला लावलेला पाइप पिण्याच्या टाकीत कधीही नाही. रात्री गारठा पडला आणि सकाळी गाडीखाली पाण्याचं तळं दिसलं तर घाबरू नये. झडपेजवळचं तापमान तीन अंशांच्या आसपास उतरलं की बॉयलरची सुरक्षा झडप आपोआप उघडते आणि गरम पाण्याची टाकी रिकामी करते. आत उब आल्यावर झडप परत दाबायची.

संडासाची पेटी वीसेक लिटरची. चौघांना दीड-दोन दिवस, त्याहून ताणायचं नाही. ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, नाहीतर गचके देत अंगावर उडतं. हे काम दादाकडे, चर्चा बंद.

८ मार्च

स्वयंपाक. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, श्रीखंड सगळं गेलं. कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तोही गेला. नारळ मात्र चालतो. डाळ, तांदूळ, पोहे, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्यावं.

फोडणी गाडीत करायची नाही. शेगडी पलंगापासून हातभर अंतरावर, छत खाली, धुराचा अलार्म डोक्यावर. हिंग-मोहरीचा वास गाद्यांत असा शिरतो की परत देताना साफसफाईचे पैसे कापतात. तिकडे गेल्यावर एका बर्नरची डब्याची शेगडी घ्यायची, आणि कॅम्पिंगवर परवानगी असेल तिथे बाहेर टेबलावर फोडणी. कुकर आत चालेल, तीन लिटरचा.

१४ मार्च

ताब्यात घेतानाचा कागद. दीड-दोन तास लागतात आणि सगळं एकदमच सांगतात, म्हणून वहिनींनी व्हिडिओ करायचा. छताचे आणि मागच्या कोपऱ्यांचे फोटो वेगळे. टायरचा दाब दाराजवळच्या चिठ्ठीवर असतो. पुष्कळ गाड्यांत मागे ५.५ बार, आपल्या गाडीच्या दुपटीहून जास्त. डिझेल आणि अ‍ॅडब्लूची (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) तोंडं जवळजवळ असतात, निळं झाकण अ‍ॅडब्लूचं. त्यात चुकून डिझेल गेलं तर इंजिन सुरूच करायचं नाही, मदत बोलवायची. त्रिकोण, चार परावर्तक जॅकेटं, प्रथमोपचार पेटी मोजून घ्यायची.

निघण्याआधी रोज म्हणायचं: छताच्या खिडक्या बंद, ऑनिंग आत, पायरी आत, फ्रिजला कडी, सिलिंडर बंद, केबल काढली. यातली केबल सगळ्यात जास्त विसरते.

परत द्यायची वेळ बहुधा सकाळची, आणि रविवारी कार्यालय बंद. आदल्या रात्री म्युनिकपासून तासाभरावर मुक्काम. संडास आणि सांडपाणी तिथेच रिकामं करायचं, डिझेल शेवटच्या पंपावर भरून पावती ठेवायची.

गाडीचं आगाऊ बुकिंग उद्या.