मोबाईलवर जर्मन ऐकायचं-वाचायचं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

मी पुण्यात जर्मन शिकवते, आणि बॅच कुठलीही असो, ए टू (ए वन, ए टू, बी वन अशा चढत्या पातळ्या असतात, त्यातली दुसरी) संपत आलं की कुणीतरी विचारतंच, मॅडम, ग्रामर जमतंय पण समोरचा बोलायला लागला की काही कळत नाही, मोबाईलवर काय करू? तुम्हीपण विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक, रोज नवीन ॲप शोधू नका. गेम खेळून सुटे शब्द पाठ होतात, सलग बोलणं नाही कळत. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवर सावकाश वाचलेल्या बातम्या असतात, 'लांगझाम गेश्प्रोखेने नाखरिष्टेन', फुकट, आणि सोबत तोच मजकूर लिहून दिलेला असतो. ए टू ला त्या जड जातात, त्यांनी तिथलंच 'निकोस वेग' बघावं, ए वन ते बी वन, छोटे छोटे व्हिडिओ.

आता मुद्द्याचं. एकच बातमी घ्यायची आणि पहिल्यांदा मजकूर न बघता ऐकायची, कोण, कुठे, काय झालं एवढं पकडायचं, बाकी सुटलं तर सुटू दे. मग मजकूर उघडून ओळीवर बोट ठेवत परत ऐकायची. इथे खरा फायदा होतो, कारण जो शब्द कळला नाही तो बऱ्याचदा आपल्याला येत असतो, फक्त कानाने ओळखलेला नसतो, लिहिलेलं असतं हाबेन आणि रोजच्या बोलण्यात ऐकू येतं हाब्म. मग मजकूर बंद करून पुन्हा एकदा. पुस्तक आणि सीडीच्या काळात हे मागेपुढे करणं फार कटकटीचं होतं, आता अंगठ्याने होतं, म्हणून मला मोबाईल मनापासून आवडतो. स्पीड कमी करायचा तर ०.७५ पर्यंतच, त्याखाली बोलण्याची लय जाते. आणि व्हिडिओला सबटायटल लावायचे तर जर्मनच लावा, इंग्लिश लावले की डोळे इंग्लिश वाचतात आणि कान सुट्टीवर जातात.

आकड्यांची प्रॅक्टिस वेगळी करा. जर्मनमध्ये आधी एकक मग दशक, आपल्या सत्तावीससारखंच, तरी मुलं 27 चे 72 लिहितात, कारण मनातल्या मनात इंग्लिशमधून जातात. आकडा ऐकला की थेट मराठीत पकडा, खूप सोपं जातं.

गोएथे इन्स्टिट्यूटची बी वनची परीक्षा देणार असाल तर अजून एक. ऐकण्याच्या पेपरात चार भाग असतात, त्यातले दोन एकदाच ऐकवतात, आणि पास व्हायला 100 पैकी 60 लागतात. म्हणून परीक्षा जवळ आली की निदान सराव पेपर सोडवताना तरी पॉज आणि रिवाइंडला हात लावायचा नाही, एक वाक्य हुकलं तर ते सोडून पुढचं ऐकायचं, आणि ही सवय आधीपासून लावावी लागते, हॉलमध्ये ऐनवेळी नाही जमत.