मेलेलं कोंबडं

गुरुवार. रात्रीचे साडेबारा.

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. कारण सांगायला गेले तर हसतील सगळे. मोठं काही घडलेलंच नाही. एक ठिणगी पडली. ठिणगी तरी कसली, टाचणीच्या टोकाएवढी. 'टिच्' झालं आणि मग काहीच नाही.

दादा लॅपटॉप देताना म्हणाला होता, "घे गं, मेलेलाच आहे. आणखी काय बिघडणार?" तेव्हा ते वाक्य किती आवडलं होतं मला! मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. शिकायला याहून बरं काय मिळणार? हार्ड डिस्क त्याने आधीच काढून घेतलेली, नवा लॅपटॉप आलेला, या मदरबोर्डकडे कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं. मी कितीही घाण केली तरी कुणाचं काही जाणार नव्हतं.

आणि तरी तासाभरापासून पोटात खड्डा पडलाय.

कारण तो मेलेला नव्हता. वही समोरच आहे, रविवारची नोंद, माझंच अक्षर. अडॅप्टर १९.४ व्होल्ट. जॅकनंतरचे दोन्ही मॉस्फेट, म्हणजे वीज आत सोडणारे स्विच, ओलांडून १९.३. तीन व्होल्टच्या लाइनची कॉइल ३.३४. पाचची कॉइल ५.०६. त्या ५.०६ खाली मी दोन रेघा ओढल्यात आणि शेजारी एक फूल काढलंय. (फूल!) बटण दाबायच्या आधीच, नुसता अडॅप्टर लावल्या लावल्या, हे दोन व्होल्टेज तयार होते. बटणही ठीक होतं; दाबलं की तिथले ३.३ शून्यावर यायचे, सोडलं की परत वर. म्हणजे बोर्ड बंद होता. श्वास चालू होता, फक्त हाक मारली की ओ देत नव्हता. का देत नव्हता, तेच तर शोधत होते तीन आठवडे.

आज काय नडलं होतं मला? पाच व्होल्ट कॉइलवर येतायत हे माहीत होतं. तरी ते तीन आणि पाच व्होल्ट बनवणाऱ्या आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायावर, थेट उगमापाशी, बघायची हौस. तो आयसी म्हणजे ४ मिलिमीटरचा चौकोन. चोवीस पाय. पाय आपले म्हणायचे, खरं तर कडेला नुसत्या चकचकीत रेघा, दोन रेघांमध्ये अर्धा मिलिमीटरही जागा नाही. आणि माझ्या मीटरचा प्रोब म्हणजे दाभण. एका पायावर १९ व्होल्ट, त्याला खेटून शेजारच्या पायावर ५. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात प्रोब, मान वाकडी करून मीटर बघायचा. मीटर बघायला मान वळवली तेवढ्यात हात हलला आणि प्रोब त्या दोन्ही पायांना एकदम टेकला.

स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे बोर्डाच्या नकाशात, तीच पाचची रेघ दोन बोटांवरच्या एका जाडजूड कपॅसिटरपर्यंत गेलेली स्पष्ट दिसते. तिथे डोळे मिटून प्रोब टेकवला असता तरी चाललं असतं. पायावर मोजू नये, त्याच लाइनवरचा मोठा कपॅसिटर शोधून तिथे मोजावं. हे मी वाचलेलं आहे. गेल्याच आठवड्यात सुमीला ऐटीत सांगितलेलंही आहे.

मग पाचची कॉइल शून्य. तीनचीही शून्य. अडॅप्टर काढला, थोडं थांबले, पाचच्या लाइनचा ग्राउंडशी, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या बाजूशी, रेझिस्टन्स मोजला: ०.६ ओहम. म्हणजे शॉर्ट. परत अडॅप्टर लावून आयसीवर बोट ठेवलं आणि झटकन उचललं. बोटाच्या टोकाला अजून चुरचुरतंय.

आई दारातून म्हणाली, "झालं का गं काही?" मी म्हटलं, "बघतेय."

मी कुठलीही गोष्ट हातात घेतली की तिची माती होते. आज पहिल्यांदा नाही. मागच्या वर्षीचं ते सगळंही असंच, जरा बरं चाललंय म्हणेपर्यंत. जाऊ दे. "रमतेय हो हल्ली कशात तरी," असं आई परवा फोनवर कुणाला तरी सांगत होती. त्याबद्दल आज नको.

दादाला सांगितलं तर काय म्हणेल ते पाठ आहे मला. "अगं, मेलेलाच होता ना?" तो समजूत घालायलाच म्हणेल. पण त्याने रविवारचं ५.०६ पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. आपल्या हातून गेलं आणि वर समोरचा म्हणतो की ते आधीच गेलेलं होतं, तर त्या वाक्याचं करायचं काय? 'हो' म्हणून टाकायचं? तेवढंच एक होतं या बोर्डात, जे चालू आहे हे मला एकटीला माहीत होतं.

तशी दादाला फोन करण्याची माझी परंपरा फार थोर. पहिल्याच आठवड्यात सीपीयूच्या कॉइलवर मीटर पीं करून वाजला, आणि मी रात्री त्याला उठवून सांगितलं, "शॉर्ट सापडला!" दोन धडधाकट कपॅसिटर उपटूनही झाले होते तोवर. नंतर कळलं की सीपीयूच्या लाइनचा रेझिस्टन्स मुळातच एवढासा असतो, एखादा ओहम, कधी त्याहूनही कमी. माझ्या मीटरचा बझर तर ३०-४० ओहमच्या खाली काहीही आलं की बोंब मारतो. कपॅसिटर परत लावले. एक तिरका बसलाय, अजून तसाच आहे.

हे लिहिता लिहिता एक लक्षात आलं आणि एकटीच हसले. तीन आठवडे या बोर्डाच्या दुखण्याचा थांग लागला नव्हता. आता निदान एका बिघाडाची तरी संपूर्ण कुंडली माझ्याकडे आहे: दिवस, वेळ, जागा, गुन्हेगार. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. आधी माझा बिघाड काढायचा, मग त्याच्याखालचा मूळ बिघाड परत दिसेल. म्हणजे एवढं सगळं करून मी पोचणार कुठे, तर रविवारच्या संध्याकाळी.

तो आयसी नुसत्या सोल्डरिंग आयर्नने निघायचा नाही, त्याच्या पोटाखालीही ग्राउंडचा पॅड आहे. हॉट एअर, म्हणजे गरम हवेची गन, लागणार. आयसी काढल्यावर लाइनचा शॉर्ट गेला तर आयसीच मेला होता. नाही गेला, तर त्या १९ व्होल्टनी पुढे आणखी कुणाला गाठलं ते शोधायचं. आधी भंगार बोर्डावर हात बसवायला हवा. तोवर याला कपाटात ठेवते.

वहीत ठिणगीनंतर मी घाईघाईत लिहिलं होतं, '५ ची लाइन अचानक गेली.' वाचताना माझीच मला लाज वाटली. 'अचानक' खोडलं. वर लिहिलं, 'प्रोब घसरला, ११:२०.' फुलाला हात लावला नाही.

प्रोबच्या टोकाला शिवणाची सुई बांधतात काही जण, टोक सोडून बाकी सगळ्या सुईवर नळी चढवून. ते करायला हवं. आईचा सुयांचा डबा कुठे असतो कोण जाणे. सकाळी विचारायला गेले की ती विचारणार, कशाला हवाय.