जुलैतला एक रविवार आणि मॉलमधली हवा

जुलैतल्या त्या रविवारी संध्याकाळी, बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असताना, आमच्या मॉलची वीज गेली. गोव्यात पावसाळ्यात हे नवे नाही. जनरेटर काही सेकंदांत सुरू झाला, आपत्कालीन दिवे लागले, लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडल्या. मात्र तळघरातल्या एका केबलच्या जोडात पाणी शिरले होते, त्यामुळे हवा खेळवणाऱ्या पंख्यांचे पॅनेल ट्रिप झाले. चिलरला, म्हणजे हवा थंड करणाऱ्या मुख्य यंत्राला, एवढी वीज लागते की आमच्याकडे तो जनरेटरवर चालवलाच जात नाही. देखभाल अभियंता म्हणून मला हे सगळे कागदावर ठाऊक होते. परंतु माणसांनी भरलेल्या बंद इमारतीत हवा थांबते म्हणजे काय होते, ते मी त्या दिवशी प्रथम अनुभवले.

गरम हवा वर चढते, म्हणून सर्वांत आधी वरच्या मजल्यावरचे लोक कासावीस झाले. तिथेच खाद्यपदार्थांचे स्टॉल आणि चित्रपटगृहे आहेत. खेळ थांबवून प्रेक्षकांना जिन्याने खाली आणत असताना, बंद पडलेल्या सरकत्या जिन्याच्या पायरीवर बसलेली एक आजी मला म्हणाली, "बाबा, दारं उघड रे. आमच्या म्हापशाच्या बाजारात असा जीव कधी घुसमटत नाही."

मी स्वतः म्हापशाचा. १९६० मध्ये, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपण्याच्या आदल्या वर्षी, सुरू झालेला तो बाजार मी लहानपणापासून पाहिला आहे. तिथे हवेसाठी बटण दाबावे लागत नाही. मॉलची कल्पना मात्र निराळ्या हवेतून आली. नाझींच्या तावडीतून निसटून १९३८ मध्ये व्हिएन्नाहून अमेरिकेला गेलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने मिनियापोलिसजवळच्या एडिना येथे १९५६ मध्ये 'साउथडेल' हा पूर्णपणे बंदिस्त मॉल उभारला. तिथला हिवाळा जीवघेणा असतो, म्हणून आत वर्षभर सुमारे २४ अंश तापमान राखलेले असे. आपल्या मॉलभोवती घरे, शाळा, बागा याव्यात, लोकांनी तिथे व्हिएन्नातल्यासारखे पायी फिरावे, ही त्याची इच्छा होती. प्रत्यक्षात भोवती वाहनतळ पसरले, आणि १९७८ मध्ये त्याने अशा मॉलांशी आपला संबंध जाहीरपणे नाकारला. बर्फासाठी योजलेला तो साचा आपण दमट किनाऱ्यावर जसाच्या तसा आणला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आजींच्या बोलण्याने मला छताखालच्या धूर-झडपा आठवल्या. त्या आग लागल्यावर उघडायच्या असतात, पण हाताने उघडण्याची सोय असते. दांडा इतका घट्ट बसला होता की दोन सुरक्षारक्षकांना तो मिळून ओढावा लागला. झडपा उघडल्या, तळमजल्याची सगळी दारे सताड ठेवली, आणि तापलेली हवा वरून बाहेर पडू लागताच खालून ओला वारा आत आला. मधल्या चौकात पावसाचे शिंतोडे पडले, तिथे आम्ही गोणपाट अंथरले. थोड्याच वेळात लोकांचे चेहरे सैलावले. बरेच जण घरी न जाता दारापाशी पाऊस बघत उभे राहिले. आजीही पायरीवरून उठून तिथे आली.

पंखे रात्री साडेनऊला सुरू झाले. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्या झडपा स्वतः हाताने उघडून पाहतो. दांडा एका माणसाने हलला पाहिजे, अशी नोंद तपासणीच्या वहीत केली आहे.